रंजीताची अक्षरं

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागे माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, नामकरण, नव्या सरपंचाचं अभिनंदन आणि कोणाचं तेरावं, सगळं एकाच मशीनमधून बाहेर पडतं. मशीनला सुखदुःख कळत नाही. मला कळतं असा माझा समज होता. तो कसा उतरला ते पुढे येईलच.

रंजीता माझ्याकडे सहा वर्षांपासून कामाला आहे. गिऱ्हाईक मजकूर सांगतं, ती कॉम्प्युटरवर बोर्ड तयार करते आणि मी मशीन चालवतो. वय तिशीच्या पुढे. बारा किलोमीटरवरच्या तांड्यातून काळी-पिवळी जीपनं येते. तिला नवऱ्यानं सोडलं की तिनं नवऱ्याला, हे मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिनं माझं दुकानही सोडलं असतं. बोलते कमी. पण एखादी गोष्ट एकदा धरली की घोरपडीसारखी धरते, मग मी मालक असो नाहीतर आणखी कोणी.

तिचे आईबाप, अमरसिंग आणि हिरीबाई, दरवर्षी सांगलीकडे ऊस तोडायला जायचे. दसरा झाला की ट्रक यायचा आणि अख्खा तांडा रिकामा व्हायचा. रंजीता आणि तिचा भाऊ राजपाल दोघंही सोबत. होळीनंतर परत यायचे तोवर शाळा पुढे निघून गेलेली असायची आणि शिकलेली अक्षरं उसाच्या फडात राहिलेली असायची. चौथीत ती परत आली तेव्हा फळ्यावरचं एकही अक्षर तिला लागेना. सरांनी तिला मागच्या भिंतीशी बसवलं आणि विसरले. राजपालनं तर शाळेचं नावच टाकलं आणि बाराव्या वर्षी कोयता हातात घेतला.

रंजीतानं एकोणिसाव्या वर्षी, नवऱ्याच्या घरून परत आल्यावर, पुन्हा 'अ'पासून सुरुवात केली. शिकवायला कोणी नव्हतं. शेजारच्या पोराची अंकलिपी समोर ठेवायची आणि चुलीतल्या कोळशानं भिंतीवर अक्षरं काढायची. लिहायची नाही, काढायची. आपण रांगोळी काढतो तशी. म्हणून तिचं अक्षर कुणासारखंच नाही. पुढे शाळेबाहेरच्यांसाठीचा सतरा नंबरचा फॉर्म भरून ती दहावीला बसली, गणितात उडाली, पुन्हा बसली आणि पास झाली. मग कॉम्प्युटरचा क्लास केला आणि एक दिवस माझ्या दुकानात येऊन मला म्हणाली की तुमच्या बोर्डावर 'हार्दिक' चुकलंय. मी तिला त्याच दिवशी ठेवून घेतलं.

आता तिच्या भाचीचं सांगतो, कारण सगळं तिच्यामुळेच घडलं. राजपालची मुलगी निता तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत. राजपाल आणि त्याची बायको ललिता तिला दरवर्षी ऊसतोडीला घेऊन जायचे, कारण बादल म्हणून दोन वर्षांचा धाकटा होता आणि आईबाप फडात असताना त्याच्याकडे बघायला कोणीतरी हवं. गेल्या वर्षीच्या होळीनंतर निता परत आली तेव्हा तिला स्वतःचं नावही वाचता येईना. रंजीतानं राजपालला विनवलं की पोरीला माझ्यापाशी ठेव. तो म्हणाला, मग बादलला काय उसाला बांधून ठेवू? हिरीबाई होती, पण तिचे गुडघे गेलेले, ती आता तांड्यातच असायची. शेवटी राजपाल म्हणाला की आपणही विसरलो होतो, मेलो का?  दुसऱ्या दिवशी दुकानात रंजीताच्या हातून दोन बोर्ड बिघडले आणि तिच्या हातून कधी काही बिघडत नाही.

तिनं मग जुनीच रीत धरली. घराच्या भिंतीवर कोळशानं अक्षरं काढायची आणि नितानं वाचायची. पोरगी दोन महिन्यांत भिंत घडाघडा वाचायला लागली. गंमत अशी की तेच शब्द शाळेच्या पुस्तकात दाखवले की गप्प. एकदा रंजीतानं फार रेटलं तेव्हा निता म्हणाली, "हे अक्षरं माह्या वळखीचे नाहीत." ही गोष्ट रंजीतानं मला सांगितली आणि वर सांगितलं की भिंत काही ट्रकमध्ये घालून नेता येत नाही, म्हणून मी माझ्या अक्षरांचा फॉन्ट करणार. म्हणजे भिंतीवरची तीच अक्षरं कॉम्प्युटरमध्ये घालायची आणि त्यात नितासाठी एक पुस्तक छापायचं. प्रत्येक पानावर वर ओळखीच्या अक्षरात शब्द आणि खाली तोच शब्द शाळेच्या पुस्तकाच्या छापात. वरच्याचं बोट धरून पोरीनं खालच्यापर्यंत उतरायचं. हे सगळं दसऱ्याच्या आत, ट्रक यायच्या आधी. या खेपेला निता अक्षरं विसरून परत आली तर ती पुन्हा शाळेत बसणार नाही, हे तिला स्वतःवरून ठाऊक होतं.

मी म्हणालो, कर बाई, पण दुकानाच्या वेळेत नको.

त्यानंतर ती रोज आठलाच येऊन बंद शटरसमोर पायरीवर बसायला लागली. मांडीवर चौकटीची वही आणि हातात जाड स्केचपेन. मराठी फॉन्ट म्हणजे काही सव्वीस अक्षरांचा खेळ नाही. जोडाक्षरं धरली तर तीनशेच्या वर आकार होतात. प्रत्येक कागदावर काढायचा, मोबाईलनं फोटो घ्यायचा, संध्याकाळी काम संपलं की कॉम्प्युटरवर त्याच्या कडा गिरवायच्या आणि मग वेलांटी, उकार, मात्रा कुठे बसेल ते ठरवायचं. वेलांटीनं तिला फार छळलं. 'कि' वर बसलेली नीट दिसायची आणि तीच 'षि' वर गेली की टोपी सरकल्यासारखी व्हायची. ती पुन्हा काढायची. मी दहाला शटर उघडायचो तेव्हा पायरीवर चुरगळलेल्या कागदांचा ढीग असायचा आणि मी त्यावरून रोज कुरकुर करायचो.

पण अक्षरं झाली मात्र बघण्यासारखी. छापाची अक्षरं कशी इस्त्री करून उभी असतात. हिची बसलेली. वरची रेघ सरळ जात नाही, मध्येच जरा खाली झुकते आणि पुन्हा सावरते. 'क' चं पोट सुटलेलं, 'र' नं पाय पसरलेले. नेहमी लागणारं अक्षर तिनं दोन-दोन तऱ्हांनी काढलं होतं, म्हणजे 'मामा' लिहिलं तरी दोन्ही 'म' सारखे यायचे नाहीत आणि हातानं लिहिल्यासारखं वाटायचं. मी तीस वर्षं अक्षरांवर पोट भरतोय, पण ओळ वाचता वाचता हसू यावं असं अक्षर मी छापलं नव्हतं.

आणि मी पडलो धंदेवाईक. अर्धामुर्धा फॉन्ट तयार होताच वापरायला काढला. रसवंतीचा बोर्ड केला, लेडीज टेलरचा केला, अंगणवाडीच्या दाराचा केला. भगवंतराव म्हणून आमचे एक ओळखीचे माळी आहेत, गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा आहे आणि रस्त्याला लागून दुकान. त्यांच्या 'ताजा भाजीपाला' या बोर्डाला तर ते अक्षर असं शोभलं की अनसिंग गावचा माणूस तसाच बोर्ड मागायला आला. रंजीता मला तेव्हाच म्हणाली होती की हे अक्षर सगळीकडे लावू नका. कोर्टाची नोटीस, ग्रामपंचायतीचं टेंडर, मयताचं पत्र, इथे ते चालणार नाही, ते आपल्या माणसाशी बोलल्यासारखं अक्षर आहे. मी हो हो म्हणालो. तीस वर्षांच्या अनुभवाला काल आलेली बाई काय शिकवणार, असं मनात म्हणालो.

दसऱ्याला चार आठवडे होते तेव्हा भगवंतरावांची आई गेली, गोमतीबाई. मोठी मानाची बाई. भगवंतरावांचा मुलगा सार्थक यानं मजकूर आणि फोटो मोबाईलवर पाठवला आणि चौकात लावायला दहा बाय आठचा फ्लेक्स तासाभरात मागितला. रंजीता त्या दिवशी हिरीबाईला दवाखान्यात घेऊन गेली होती. मी स्वतः बसलो. भगवंतरावांचं नाव, पत्ता, फोन सगळं त्यांच्या भाजीच्या बोर्डात आधीच होतं, म्हणून मी तीच फाईल उघडली, मजकूर बदलला, फुलकोबीच्या जागी म्हातारीचा फोटो टाकला आणि छापून दिला. अक्षर बदलायचं राहिलं.

चौकात तो फ्लेक्स लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली' पाय पसरून बसली होती. गोमतीबाईंच्या फोटोखाली लोक मेथीचा भाव शोधायला लागले. कोणी हसलं, कोणी फोटो काढून पुढे पाठवला. संध्याकाळी भगवंतराव स्वतः आले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"सतीशभाऊ," ते म्हणाले, "माही माय गेली. भाजी नाही आली."

ते गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि लाज वाटलेला माणूस सगळ्यात आधी दुसरा कोणी सापडतो का ते बघतो. सकाळी रंजीता आली तशी मी तिच्यावर घसरलो. तुझ्या या थेरांनी माझी तीस वर्षांची अब्रू गेली म्हणालो आणि तिच्या देखत फॉन्ट कॉम्प्युटरवरून काढून टाकला. फॉन्टचा आणि पुस्तकाचा फोल्डरही उडवला, आणि पुन्हा म्हणून परत आणता येऊ नये असा उडवला. चार महिन्यांचं काम गेलं. तिनं स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी इथं नोती," ती म्हणाली. "तुमी पाह्यलं नाही अन् शिक्षा अक्षराले देऊन राह्यले."

मग खुर्ची ओढून तिनं दिवसभराचं काम केलं. संध्याकाळी जाताना फक्त एवढं म्हणाली की कागद घरी आहेत, मी परत करीन, इथं नाही करू दिलं तर कारंज्याला जाऊन करीन. कागद म्हणजे ते तीनशे आकार. तिनं बियाण्याच्या पिशवीत घालून आढ्याला टांगून ठेवले होते.

मला रात्रभर झोप नाही. सकाळी मी दुकानाची दुसरी चावी तिच्या टेबलावर ठेवली आणि कॉम्प्युटर सातपासून वापर म्हणालो. माफी मागायला हवी होती, पण माझ्यासारख्याच्या तोंडून तेवढंच निघतं. नवा साधा फ्लेक्स छापून मी भगवंतरावांकडे गेलो आणि चूक माझी होती हे मात्र त्यांना तोंडानं सांगितलं.

पहिल्यांदा जे चार महिन्यांत झालं ते रंजीतानं अठरा दिवसांत केलं. सात ते दहा अक्षरं आणि दहानंतर माझं काम. जेवण एका हातानं, माऊस दुसऱ्या हातात. डोळे लाल व्हायचे. मी एकदा म्हणालो की जोडाक्षरं निम्मीच घे, पोरीला काय 'ज्ञानेश्वरी' वाचायचीय? ती म्हणाली, वाचीन ना पोरगी, काहून नाही वाचणार? 

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात पुस्तक तयार झालं. बत्तीस पानं, शब्द सगळे निताच्या रोजच्यातले. कोयता, पाचट, चूल, बैल, पाणी. मी चांगल्या कागदावर छापून, पिना मारून दिलं. त्याच दिवशी राजपाल दुकानात आला. तांड्यातली माणसं निघायच्या आधी एकदा माझ्याकडे येतातच. फाटके, जुने, रद्द झालेले फ्लेक्स घेऊन जातात. फडाजवळ ज्या कोप्या बांधतात, म्हणजे बांबू आणि पाचटाच्या झोपड्या, त्यांच्यावर तो फ्लेक्स टाकला की थंडी आणि दव अडतं. कित्येक पुढाऱ्यांनी आमच्या कृपेनं असा हंगाम काढलाय. राजपालनं सांगितलं की कारखाना लवकर सुरू होतोय, मुकादमाचा फोन आला, ट्रक चार दिवसांत येणार.

रंजीतानं त्याच्या हातात पुस्तक दिलं. त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. वाईट माणूस नाही तो, त्यानं खरं तेच सांगितलं. मागच्या वर्षी शाळेनं दिलेलं पुस्तक बादलनं पंधरा दिवसांत भिजवलं आणि जे उरलं ते ललितानं चूल पेटवायला घेतलं. कोपीत कागद राहत नाही. एवढं म्हणून त्यानं पुस्तक परत दिलं आणि तो कोपऱ्यातल्या जुन्या फ्लेक्सच्या गठ्ठ्याकडे वळला.

रंजीता पुस्तक धरून उभी होती. एवढी मेहनत घेतलेली बाई रडेल असं मला वाटलं. ती गठ्ठ्याकडे बघत होती. राजपाल एक फ्लेक्स उलगडून भोकं तपासत होता आणि ती त्याला विचारायला लागली की कोपीची लांबी किती, निजता कुठल्या बाजूला, छत आतून किती उंच. तो सांगत गेला. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली की दहा बाय बाराचा नवा माल लावा मशीनला, छापलेली बाजू आत राहीन.

मी मालाची किंमत सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तिनं दोन दिवसांत बत्तीस पानं त्या एका तुकड्यावर बसवली. अक्षर वीतभर, निजल्या निजल्या दिसेल असं. वर तिच्या वळणातला शब्द, खाली छापातला. मध्ये घरच्यांची नावं. दाराकडे सोपे शब्द आणि आत जावं तशी जोडाक्षरं. राजपालला हा प्रकार पसंत नव्हता. छपाई बाहेर असली तर निदान शोभा येते म्हणाला, आतून काय, आणि लोक हसतील. रंजीतानं चारी कडांना लोखंडी कड्या ठोकल्या, दोऱ्या ओवल्या आणि आतली बाजू चुकू नये म्हणून बाहेरच्या बाजूला काळ्या रंगानं मोठी फुली मारली. ट्रक निघाला त्या सकाळी तिनं दुकानाला सुट्टी घेतली होती. ती गुंडाळी तिनं स्वतः ट्रकमध्ये भांड्यांच्या खाली दाबली, म्हणजे वाटेत कोणाला काढून टाकता येऊ नये.

हंगामात ती फोन करायची, पण कधीच विचारायची नाही की कोपीवर तो टाकला का. मी विचार म्हणालो तर म्हणाली, टाकला नसन त आता कळून काय करू?

होळीनंतर पाचव्या दिवशी राजपाल दुकानात आला, सोबत निता. पोरगी काळवंडली होती, हातावर उसाच्या पातीचे ओरखडे होते. रंजीतानं कशी आहेस, काय आहेस काही विचारलं नाही. टेबलाच्या खणातून तिसरीचं पुस्तक काढलं, शाळेचं, छापाचं, मधलंच पान उघडलं आणि पुढे सरकवलं. मी मशीन बंद केलं.

निता वाचायला लागली. बोट ठेवून, अडखळत. एका जोडाक्षरापाशी थांबली, तिनं डोळे वर छताकडे नेले, काहीतरी शोधलं आणि पुन्हा खाली येऊन तो शब्द म्हणाली. पान संपलं. रंजीता खुर्चीत मागे टेकली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सहा वर्षांत मी तिला तसं बघितलं नव्हतं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली.

राजपाल दारातच उभा होता. त्यानं सांगितलं की फुली बघून फ्लेक्स टाकला, पण पहिला महिना वर काय लिहिलंय इकडे त्याचं लक्षही नव्हतं. पुढे फडावरून येऊन पडलं की डोळ्यांवर तेच. निता काडी घेऊन बादलला शब्द म्हणून दाखवायची, ते ऐकून ऐकून राजपालच्याही तोंडात बसले. मग एक दिवस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लिहिलेलं नाव त्यानं वाचलं. कोणी न सांगता. तो त्या ट्रॉलीपाशी उभाच राहिला आणि मुकादम ओरडला.

"पह्यले मले वाटे," तो बहिणीला म्हणाला, "पोरगी विसरली त काय मोठं झालं? मीबी विसरलो. पन मले येतच नोतं, त काय गेलं ते मले कसं समजन? आता समजलं. औंदा हिले नेणं माह्यानं होत नाही."

रंजीतानं तोंडावरचे हात काढले. बादलचं काय करशील, एवढंच तिनं विचारलं.  त्याचं उत्तर दसरा येईपर्यंत तांड्यात कोणालाच आलं नाही.

यंदा दसऱ्यानंतर ट्रक आला तेव्हा मीही तांड्यावर गेलो होतो, तीन नव्या कोप्यांचे फ्लेक्स घेऊन. तिन्ही रंजीताच्या अक्षरातले. बायकांनी मागून घेतले होते. राजपालनं सामान चढवलं, ललितानं बादलला वर दिलं आणि बघतो तर हिरीबाई काठी टेकत टेकत ट्रककडे निघालेली. लुगड्याचं गाठोडं काखेत. रंजीता धावली. गुडघ्यांचं बोलली, डॉक्टरांचं बोलली, या वयात कोपीत कशी राहशील म्हणाली. म्हातारीनं तिला बोलू दिलं. मग काठी राजपालच्या हातात दिली आणि दोन बायकांनी दंडाला धरून तिला वर घेतलं. वर बसल्यावर तिनं बादलला मांडीवर ओढलं आणि खाली निताचा हात धरून उभ्या असलेल्या आपल्या लेकीकडे पाहिलं.

"तुले मी नेलं होतं," हिरीबाई म्हणाली. "हिले नाही नेऊ देत."